दसरूजींचा खांब अजून आडवाच

चंद्रपुरात शिल्पकार म्हणून जगायचं असेल तर आधी ‘ओ मिस्त्री’ या हाकेला वळून बघायला शिकावं लागतं. मी सुरुवातीला वळत नसे. त्यामुळे बरीच गिऱ्हाइकं माझी पाठ बघूनच परत गेली. शेवटी बायकोने समजूत घातली. ती म्हणाली, "मिस्त्री म्हणलं तं काय झालं? फरक एवढाच, मिस्त्रीनं बांधलेल्या घरात माणसं राह्यते अन् तुमच्या कामात पाली."

बायको म्हणजे शालू. ती दवाखान्यात नर्स आहे. त्यामुळे आमच्या घरातल्या निदान एकाचं काम लोकांच्या उपयोगी पडतं. माझं काम म्हणजे माती, लाकूड, लोखंड, राख, जे हाती लागेल त्यातून माणसं-जनावरं काढायची आणि ती कोणी नेली नाहीत की अंगणात रचून ठेवायची. नवा पाहुणा आमच्या फाटकातून आत येतो तो अंग चोरूनच.

राखेचं सांगायलाच हवं. माझं लहानपण ऊर्जानगरच्या क्वार्टरात, कोळशावरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत गेलं. दोरीवर वाळत घातलेला पांढरा बनियन संध्याकाळी करडा होऊन घरात यायचा. सगळी कॉलनी राखेला शिव्या द्यायची. मी ठरवलं, आपण या राखेचीच मूर्ती करायची. झोपलेली बाई केली, चांगली लांबरुंद. राख पकडून ठेवायला सिमेंट लागतं, हे मला माहीत होतं. पण सिमेंट जास्त झालं तर राखेची ‘भाषा’ बिघडेल, असं मला त्या काळात वाटायचं. त्या काळात मला बरंच काही वाटायचं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी कौतुकाने त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. ते भाषणाला उभे राहिले तेव्हा तिचा खांदा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर होता. भाषणात ते म्हणाले की हे शिल्प आपल्या सोबत घरी येतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लोकांना वाटतं, शिल्पकार छिन्नी घेतो आणि नको तेवढं काढून टाकतो. तसं नसतं. लाकूड एकदा कापलं की पुन्हा वाढत नाही, म्हणून निम्म्याहून जास्त काम कागदावर होतं. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, अशी मोठमोठी रेखाटनं करायची, भिंतीला लावायची, आठवडाभर त्यांच्यासमोर बसून जेवायचं आणि मग ती फाडायची. रेखाटायला कोळसा लागतो. कोळशाच्या गावचा माणूस म्हणून मी अभिमानाने खाणीतला दगडी कोळसा कागदावर ओढून बघितला. कागद फाटला. मग तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, बंद डब्यात घालून चुलीत भाजायला शिकलो. त्यांचा कोळसा लोण्यासारखा चालतो. तो डबा शालूचा बेसनाचा होता, हे तिला भज्यांच्या दिवशी कळलं.

आणि काढायचं काय? त्याची चोरी मी लहानपणापासून करत आलोय. चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला आहे. गोंड राजांची खूण ती. त्यात हत्ती बकरीएवढा आणि सिंह म्हशीएवढा. ऑटो खालून जातात, वर सिंह आपला हत्ती दाबून उभा. शिवाय आमच्याकडे शेताच्या बांधावर वीरगळ सापडतात, लढून मेलेल्या माणसाचे कोरीव दगड, वर सूर्य-चंद्र कोरलेले. हे सगळं मी उचललं, वेडंवाकडं केलं आणि माझं म्हणून खपवलं. कलेत चोरीला प्रेरणा म्हणतात, म्हणून मी आजवर बाहेर आहे.

तर अशा या माझ्या अंगणात एक दिवस दसरूजी आले.

दसरूजी आलापल्लीच्या पुढच्या एका गावचे, माडिया गोंड. सारी उमर सागवानाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवला आणि आता निवृत्त झालेले. उंच माणूस, मिशा सायकलच्या हँडलसारख्या दोन्हीकडे निघालेल्या. त्यांनी माझ्या अंगणात एक चक्कर मारली, प्रत्येक लाकडावर बोटाने टकटक केलं, राखेच्या बाईकडे जरा दयेने बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, मले खांब करून पाह्यजे."

त्यांच्या गावाकडे माणूस गेला की त्याच्या आठवणीचा खांब उभा करतात. त्यावर त्याचं जगणं कोरतात, त्याची कुऱ्हाड, त्याचे बैल, त्याचा ढोल. हल्ली सायकली आणि मोटरसायकलीही असतात. मी चेहरा गंभीर केला आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

"कोणी नाई. माया आहे."

म्हणजे स्वतःचाच. मग त्यांनी सविस्तर सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ नावाजलेला ढोलवाला. तो गेला आणि पुतण्यांनी त्याचा खांब सिमेंटचा केला, वरून पांढऱ्या टाइल्स लावल्या. "भावाचा ढोल नदीपार ऐकू जाये जी," दसरूजी म्हणाले, "अन् त्याच्या खांबाले न्हाणीच्या टाइला. तिथी गेलो की मले हात धुवावं वाटते. माया पोरांचा काही भरोसा नाई. माया खांब माया डोयासमोर झाला पाह्यजे."

मला हे काम इतकं आवडलं की मी विचार करतो असं म्हणायलाही विसरलो.

त्यानंतर मी कागदावर कागद काढले. तेव्हा माझा ‘आधुनिक’ काळ जोरात होता. मी दसरूजींच्या छातीतून आरपार एक मोठं भोक काढलं. त्यातून जंगल दिसणार होतं, आभाळ दिसणार होतं. दसरूजी पुढच्या खेपेला आले तेव्हा मी चार बाजूंची चार रेखाटनं ओळीने मांडली आणि बाजूला उभा राहिलो.

बराच वेळ बघून ते म्हणाले, "हे चौघं कोण?"

चौघे नाहीत, तुम्हीच आहात, चार बाजूंनी, असं मी समजावलं. ते म्हणाले, आपल्याला एक बाजू पुरे. मग त्यांचं लक्ष भोकाकडे गेलं. मी त्यांना अवकाश, पोकळी, असणं आणि नसणं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी अदबीने ऐकून घेतलं आणि चहा घेऊन आलेल्या शालूकडे वळले. "बाई, यात घुबड अंडे देईन."

शालूने कागद नीट बघितला आणि दवाखान्यातला आवाज लावून म्हणाली, "असं भोक असलेला पेशंट मी तं काही पाह्यला नाई."

भोक बुजलं. मग ट्रकवरून जुंपली. त्यांना खांबावर ट्रक हवाच होता आणि मला त्या जुन्या, गंभीर घाटात ट्रक कुठे बसवायचा हे समजेना. ते भिंतीवर लावलेल्या परकोटाच्या सिंहाच्या रेखाटनाकडे बोट करून म्हणाले, "हे आमच्याच राजाचं ना? हत्तीवर सिंह. तसा ट्रकवर मी."

मी हसायला लागलो आणि मधेच थांबलो. कोळसा उचलला. खाली बकरीएवढा ट्रक, त्याच्या टपावर फतकल मारून बसलेले म्हशीएवढे दसरूजी, मिशा खांबाच्या दोन्ही कडांबाहेर. वर वीरगळासारखे सूर्य-चंद्र काढले तर ते म्हणाले, ते हेडलाइट करून टाका, दोन्ही चालू पाहिजेत. मी हेडलाइट केले. त्या दुपारी माझा आधुनिक काळ संपला आणि कामाला मजा यायला लागली.

लाकूड अर्थात सागवान. दसरूजींनी ओळखीच्या व्यापाऱ्याकरवी आलापल्लीच्या डेपोतल्या लिलावातून स्वतः टकटक करून निवडलेला ओंडका माझ्या अंगणात पोचवला. आता मी काय पराक्रम केला तो ऐका. डेपोतून निघालेल्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याचा हातोडा मारलेला असतो. हातोड्यावर उलटी अक्षरं, ठोकलं की लाकडात सुलटी उमटतात. ती निशाणी म्हणजे त्या लाकडाचा जन्मदाखला. ती आणि वाहतुकीचा पास जुळले तरच लाकूड नाक्यावरून पुढे जातं. हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण काम सुरू करताना ओंडक्याची दोन्ही तोंडं मला खरबरीत, घाणेरडी वाटली. आरंभ कसा स्वच्छ असावा! मी रंधा घेतला आणि पहिल्याच सकाळी दोन्हीकडची निशाणी गुळगुळीत करून टाकली. वर शालूला बोलावून किती छान रेषा दिसतात तेही दाखवलं.

खांब तयार झाला. आयुष्यात पहिल्यांदा काम संपल्यावर मला काही फोडावंसं वाटलं नाही. पिकअपमध्ये गवत घालून तो झोपवला आणि दसरूजी आणि मी आलापल्लीच्या वाटेला लागलो. नाक्यावर गार्डने पास बघितला, लाकूड बघितलं आणि निशाणी कुठे आहे म्हणून विचारलं. छिलली, मी म्हणालो.

"काऊन छिलली?"

"खराब दिसत होती."

आधार कार्डावरचा फोटो आवडला नाही म्हणून कार्ड जाळणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मग टेप काढला. आता गोलाई कुठून मोजायची, मिशीवरून की मिशीखालून, यावर त्याची आणि त्याच्या जोडीदाराची चर्चा झाली. दसरूजी रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर जाऊन बसले होते. ट्रक घेऊन याच नाक्यावरून त्यांची जिंदगी गेली होती. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कधी कोणी ‘उतर’ नाई म्हणलं जी मले. अन् आज माया मीच पकडल्या गेलो."

आम्हाला वनखात्याच्या रेंज ऑफिसात नेलं. तिथले साहेब वयस्क होते, दसरूजींना ओळखत होते. त्यांनी कागद तपासले, व्यापाऱ्याला फोन केला, मग बाहेर येऊन खांबाभोवती एक फेरी मारली, दसरूजींभोवती एक फेरी मारली आणि हसू दाबून म्हणाले, मालक तर अंगावरच छापलेला आहे. पण निशाणीशिवाय सागवान सोडता येत नाही, पुन्हा मारावी लागेल. आणि हातोडा मागवला.

मी खांब आणि हातोडा यांच्या मधे उभा राहिलो. महिनोन्‌महिने घासलेल्या लाकडावर लोखंडी घण! मी हात जोडून सांगितलं, खालच्या टोकाला मारा, तो भाग जमिनीत जाणार आहे. साहेब म्हणाले, मग काय आम्ही खड्डा खणून तपासायचं? कपाळावर मारू की पोटावर, तेवढं सांगा. मी डोळे मिटले. तेवढ्यात दसरूजींचा आवाज आला, नाक्यानंतर पहिल्यांदाच जरा खुललेला.

"साहेब, ट्रकच्या मांगं मारा. मिस्त्रीनं नंबर प्लेटच नाई लावली."

घण पडला. निशाणी अशी बसली की जणू तिच्यासाठीच मी ती जागा सोडली होती. आजही जाणकार लोक त्या प्लेटपाशी थांबून माझ्या कल्पकतेबद्दल बोलतात आणि मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

गावात पोचलो. लोक जमले, बायका हसल्या, पोरांनी ट्रकचे आवाज काढले. मी दोर कुठे, खड्डा कुठे म्हणून घाई करायला लागलो. मग गावचा गायता, म्हणजे पुजारी, पुढे आला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा म्हातारा. त्याने खांबावरून हात फिरवला, काम पसंत असल्याचं सांगितलं आणि उभा करायला साफ नकार दिला. जिवंत माणसाचा खांब उभा करणं म्हणजे मरणाला घर दाखवणं. मी वाद घातला, शिल्प, दृष्टिकोन, प्रमाण वगैरे. त्याने सगळं ऐकलं.

"माणूस उभा आहे तवरी खांब आडवा," तो म्हणाला. "माणूस आडवा झाला की खांब उभा. दोघं संगं उभे राह्यत नाई."

शिवाय त्याने खांबाच्या टोकाकडे बोट दाखवलं. वर पक्षी नव्हता. त्यांच्याकडे पक्षी सगळ्यात शेवटी बसवतात आणि तो बसल्याशिवाय खांब पुरा झाला असं कोणी म्हणत नाही. दसरूजींना दोन्ही गोष्टी आधीपासून माहीत होत्या. मला का सांगितल्या नाहीत म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुमी विचारलं कुठी?"

आता माझी पंचाईत बघा. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम माझ्या हातून झालं होतं आणि ते दसरूजींच्या अंगणात आडवं पडलं होतं. उभ्या शिल्पाचं डोकं मुद्दाम थोडं मोठं करतात, कारण ते खालून बघायचं असतं. आडवं पडल्यावर त्या डोक्याचा भोपळा दिसत होता. एक बाजू तर मातीलाच दिसत होती. ते एकदा उभं बघायचं, एवढीच माझी इच्छा. आणि त्यासाठी काय व्हायला हवं होतं? दसरूजी मरायला हवे होते. आणि दसरूजी तर मला फार आवडायला लागले होते. फोनवर त्यांच्या तब्येतीची चौकशी करताना माझ्या आवाजात काय असायचं, ते मी स्वतः कधी नीट ऐकलं नाही.

दसरूजी मात्र मजेत. ते स्वतःच्या खांबावर बसून विडी ओढायचे. उन्हाळ्यात ट्रकच्या हौद्यात मोहाची फुलं वाळत घालायचे. मी भेटायला गेलो की मला खांब उभा बघायचा असायचा, म्हणून मी त्याच्या शेजारी जमिनीवर कुशीवर आडवा व्हायचो. असं केलं की तो थोडा उभा वाटतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्यांच्या सुनेने धावत जाऊन पाणी आणलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, मिस्त्रीभाऊले मोहाची चढली. तिसऱ्यांदा कोणी लक्ष दिलं नाही, फक्त एक कुत्रं शेजारी येऊन झोपलं.

त्याच सुमारास एका मोठ्या प्रदर्शनासाठी शिल्पांचे फोटो मागवले होते. आडव्या खांबाचा फोटो कसा पाठवायचा? मी शक्कल लढवली. फोटो काढला आणि मोबाइलवर नव्वद अंशात फिरवून पाठवून दिला. काय भारी खांब दिसत होता! ताठ, उंच. काही दिवसांनी प्रदर्शनाकडून फोन आला. बाई फार आपुलकीने बोलत होत्या. म्हणाल्या, कमिटीला काम आवडलं, पण त्या कोंबड्या कशाच्या केल्या आहेत? मी फोटो उघडून बघितला. दसरूजींच्या तीन कोंबड्या मागच्या भिंतीसारख्या उभ्या अंगणावर, हवेत आडव्या, पाय चिकटवून दाणे टिपत होत्या. मी सांगितलं, मिश्र माध्यम. बाई म्हणाल्या, अप्रतिम, कोंबड्यांसकट पाठवा. दसरूजींना विचारलं तर त्यांनी खांबही दिला नाही आणि कोंबड्याही दिल्या नाहीत. "मी इथी मेलो अन् खांब तिथी राह्यला तं? मले काय तिकडे जाऊन पडा लागन?"

असं करत करत वर्षं गेली आणि खांब वाढत गेला. कारण दसरूजी जगत होते आणि जगणारा माणूस काही ना काही करतोच. त्यांचा जुना ट्रक भंगारात निघाला, तर त्याचा भोंगा घेऊन आले. मी लाकडात खाच करून तो बसवला, आणि अशा रीतीने माझ्या कामात लोखंड आलं. मोबाइल घेतला, तो कोरायला लावला. मग रेंज येत नाही म्हणून त्यावर तांब्याच्या तारेचा टॉवर लावायला लावला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर डोळे नवे करा म्हणाले. ते मी पितळेचे केले. लोक मला विचारतात, तुमच्या कामात माध्यमं कशी बदलत गेली, त्यामागे विचार काय? त्यामागे दसरूजी होते.

पितळेसाठी मी ओतकाम शिकलो. मेणाच्या तारा वळून आकार करायचा, वर माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. शिकता शिकता मी खांबाच्या टोकावरचा पक्षीही ओतून टाकला. कोणी सांगितलं नव्हतं. धीर धरवला नाही, झालं. कुठला पक्षी तेही सांगता येत नाही. मान जराशी वळलेली, उडेल की बसेल कळू नये असा. इतका चांगला झाला की मी तो कोणाला दाखवला नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवला आणि वाट बघायला लागलो. कशाची वाट, ते शालूला बरोबर कळलं. ती काही बोलली नाही, म्हणजे किती कळलं होतं बघा.

यंदा पावसाळा संपता संपता दसरूजींच्या मुलाचा फोन आला. बाबांना बरेच दिवसांपासून ताप आहे, खाणं सुटलंय, दवाखान्याला नाही म्हणतात. हत्यारं घेऊन बोलावलंय.

मी उठलो आणि पहिल्यांदा टॉवेलातला पक्षी पिशवीत घातला. मग छिन्न्या, मग स्क्रू. शालू दारात उभी होती.

"कपडे राह्यले," ती म्हणाली. मी कपडे घेतले. "पेशंटले भेटाले जाऊन राह्यले का गिऱ्हाइकाले?"

तिने माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. रक्त तपासून घ्या, नाही म्हणाले तरी घ्या, गावातल्या आशा सेविकेला बोलवा, असं लिहिलेलं.

एसटीने आलापल्ली, तिथून एका मालवाहू टेम्पोत बसून गाव. दसरूजी अंगणात खाटेवर होते. मिशा खाली आल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला खांबावर बसलेलं बघितलं होतं, खाटेवर कधी नाही. खांब धुऊन काढला होता. भोवतालचं गवत काढलं होतं. आणि बाजूला नवा दोर होता, जाड, वेटोळं करून ठेवलेला. तो दोर बघण्यासाठी मी किती वर्षं वाट बघितली होती! आणि मला तो अजिबात आवडला नाही. गायता खाटेच्या पायथ्याशी बसून होता.

"काय राह्यलं आता?" दसरूजींनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"पक्षी."

"आणला?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. पितळ फार जड असतं.

"नाही जमला अजून," मी म्हणालो.

"इतके वर्स काय केलं मंग?"

"कोणता पक्षी, तेच ठरेना."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग डोळे न उघडता म्हणाले, "कागद काढा."

मी कोळसा काढला. पहिला मोर काढला, कारण घाबरलेला माणूस मोर काढतो. दसरूजींनी एक डोळा उघडला आणि विचारलं की ट्रक-ड्रायव्हरच्या डोक्यावर मोर बसला तर लोक काय म्हणतील. मी टिटवी काढली. टिटवी नको, मेल्यावर तरी शांती पाहिजे. कावळा काढला, तर म्हणाले, सारी उमर टपावर हगला, आता खांबावरही? पोपट काढला त्यावर ते चक्क कोपरावर उठून बसले, कारण त्या पोपटाची चोच त्यांच्या साडूच्या नाकासारखी आली होती. सुनेने त्यांच्या हातात पेजेची वाटी दिली. माझ्या पोपटाला शिव्या देता देता ते ती कधी प्यायले, त्यांनाच कळलं नाही. सुनेने वाटी पुन्हा भरली आणि मला डोळ्यांनी खूण केली, चालू द्या.

मी चालू दिलं. एरवी माझी रेखाटनं एवढी वाईट नसतात, पण त्या दुपारी माझ्या हाताने कमाल केली. धनेश काढला, त्याची चोच कागदात मावली नाही. घुबड काढलं, ते शालूच्या मावशीवर गेलं. गायत्यालाही राहवेना, त्याने बगळा सुचवला आणि दसरूजी त्याच्यावर घसरले. शेजारच्या बायका आल्या, प्रत्येकीचा पक्षी वेगळा. ऊन उतरलं तेव्हा अंगणभर कागद पसरले होते, सगळे मोठमोठ्याने बोलत होते आणि त्या नव्या दोराने कोणीतरी बकरी बांधून टाकली होती. त्या गडबडीतच आशाताईंनी दसरूजींच्या बोटातून रक्त घेतलं. ते नाही म्हणाले नाहीत, कारण त्याच वेळी त्यांना भारद्वाजाची शेपटी दुरुस्त करायची होती. मलेरिया निघाला. गोळ्यांनी बरे झाले असं शालू म्हणते, आणि ती बरोबरच म्हणते.

मी पिशवी न उघडता परत आलो. शालूने टॉवेल सोडला, पक्षी बाहेर काढला आणि धुऊन-पुसून फ्रिजवर ठेवला. त्या दिवशी भजी केली.

हे लिहायला घेतलं त्याच्या आदल्या आठवड्यात दसरूजी एकटेच एसटीने चंद्रपूरला आले. कळवलं वगैरे काही नाही. फाटकातून ‘ओ मिस्त्री’ अशी हाक आली आणि मिशांची दोन टोकं आधी आत आली. शालूने हातातला नॅपकिन फ्रिजवर फेकला. तो नेमका पक्ष्याच्या डोक्यावर पडला आणि खाली चोच उघडी राहिली. दसरूजी खुर्चीत बसले, पाणी प्यायले, बसभाड्याबद्दल बोलले. मग उठले, सरळ फ्रिजपाशी गेले आणि नॅपकिन उचलला.

त्यांनी पक्षी हातात घेतला. तळाशी बघितलं. तिथे खांबावर बसवायचं भोक होतं, खांबाच्याच मापाचं. वजन करून बघितलं. वळलेली मान अंगठ्याने चाचपली. मला वाटलं, आता हा माणूस मला विचारणार, हा तेव्हा पिशवीत होता का. आणि मी खरं सांगणार होतो. शालू ओट्याला टेकून उभी होती, दुधाकडे तिचं लक्ष नव्हतं.

त्यांनी पक्षी जागेवर ठेवला. नॅपकिनची नीट घडी घालून शेजारी ठेवली.

"झकास झाला, मिस्त्री," ते म्हणाले. "ज्याचा असंन थो नशीबवान. माया तं तुमाले अजून जमून नाई राह्यला."

"नाही ना," मी म्हणालो.

"मंग बसा. कागद घ्या."

दूध उतू गेलं. दसरूजी माझ्या समोर खुर्ची ओढून बसले आणि मिशांवरून हात फिरवून तयार झाले. मी कोळसा घेतला आणि अगदी मन लावून पक्षी चुकवायला बसलो.